तीन फरश्यांवरचा भूतकाळ

६ जानेवारी २०२५, सोमवार

"आय येस्टरडे मार्केट वेंट." पुन्हा तेच! एका तासात अकराव्यांदा. मी म्हणाले, "इंग्रजी वाक्य म्हणजे तुमच्या गावची एसटी नव्हे, की जो चढेल तो मिळेल त्या जागेवर बसेल. येथे प्रत्येकाची जागा राखीव असते." ती हसली. मी विनोद केलेला नव्हता.

तिची इंग्रजी वाक्ये या वहीत मी देवनागरीतच लिहीन. रोमन लिपीचा मान मिळण्याइतकी ती अजून इंग्रजी झालेली नाहीत.

नाव दीपमाला. वय एकतीस. चकलांब्याची, मेंढपाळांच्या घरातली. बीडमधल्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका. आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमाने तिला नोकरीचे पत्र दिले आहे. अट एकच — इंग्रजीची परीक्षा. वाचन, लेखन, श्रवण कसेबसे पार पडले. बोलण्यात मात्र दोनदा नऊपैकी साडेपाच. सात हवेत. पुढची परीक्षा पंधरा फेब्रुवारीला संभाजीनगरला, आणि पत्राची मुदत एकतीस मार्चपर्यंत. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल. नवऱ्याने टाकलेली आहे. सात वर्षांची मुलगी चकलांब्याला आजीजवळ असते. तिकडे वर्षभर नोकरी झाली की मुलीला नेता येते म्हणे.

"न्हाई जमलं तर पोरगी तिथंच राहील मॅडम. मेंढरांमागं. माझ्या आईसारखी."

हे तिने मला पाझर फुटावा म्हणून सांगितले असेल, तर नेम चुकला. मी त्यात फक्त "न्हाई" ऐकले.

चौतीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवले. तीन विद्यार्थी माझ्या हाताखाली डॉक्टरेट झाले. आणि निवृत्तीनंतर हे — काल मी बाजारात गेले! पण तिच्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शब्द टाकला, आणि नकार दिला असता तर गावभर झाले असते की उज्ज्वला मॅडमना जमले नसते.

८ जानेवारी, बुधवार

नवी पद्धत काढली. पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरश्यांवर खडूने लिहिले. पहिल्या फरशीवर कर्ता, दुसरीवर क्रियापद, तिसरीवर कर्म. केव्हा, कोठे, कसे — हे सर्व दाराजवळच्या पायपुसण्यावर. एक शब्द, एक पाऊल. पाऊल चुकले की भिंतीपासून पुन्हा. बसायचे नाही.

बारा तासांची पाळी संपवून येते, पाय सुजलेले असतात. असोत. क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही.

"माय फादर..." — पहिली फरशी. मग थेट तिसऱ्या फरशीवर उडी — "...शीप..." — आणि मग मागे वळून दुसऱ्या फरशीवर — "...सोल्ड."

"तुझे पायसुद्धा मराठी आहेत," मी म्हणाले. "परत भिंतीपाशी जा."

बावीस वेळा. तिने पाणी मागितले. मी म्हणाले, "इंग्रजीत माग." तिला मागता आले नाही. तासभर तहानलेली राहिली. येथे शिस्त लागते ती अशी.

१० जानेवारी, शुक्रवार

सतरा वाक्यांपैकी दोन बरोबर. त्यातले एक अपघाताने.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घेऊन आली. "गोड बोला म्हणायचं असतंय मॅडम." मी म्हणाले, "गोड नको. बरोबर बोल." वडी बशीत तशीच आहे.

आज एक नियम घालून दिला — वाक्य खरेच हवे. घडलेले, स्वतः पाहिलेले. खोट्या वाक्यात जीभ अडखळली, तर ती व्याकरणाला अडखळली की खोटेपणाला, हे शिक्षकाला कळत नाही. तिने बराच वेळ विचार केला आणि भिंतीपासून निघाली.

"माय फादर... स्नेक... बिट."

वडिलांना साप चावला होता. जालन्याकडे मेंढ्या घेऊन गेले असताना. ती तेव्हा नऊ वर्षांची.

"साप पहिल्या फरशीवर. वडील तिसऱ्या फरशीवर," मी म्हणाले.

ती जागची हलेना. "मॅडम, साप आधी कावून? बाप आधी पायजे ना."

"इंग्रजीत ज्याने केले तो आधी. ज्याचे झाले तो शेवटी. नात्याला येथे जागा नाही."

तिच्याकडून म्हणून घेतले. "अ स्नेक बिट माय फादर." तिसऱ्या वेळी आवाज फुटला, पाचव्या वेळी डोळे वाहू लागले. मी थांबवले नाही — रडण्याने क्रम बिघडत नव्हता. नवव्या वेळी रडणे थांबले. चौदाव्या वेळी तिने ते वाक्य असे म्हटले, की जणू साप कोणा दुसऱ्याच्याच वडिलांना चावला आहे. निर्दोष! मी तिला तसे सांगितले. तिने मान हलवली आणि पदराने फरशीवरचे पाणी पुसले.

कठोर आहे का मी? आहे. परीक्षकाला तिचे वडील नको आहेत, त्याला वाक्य हवे आहे.

१९ जानेवारी, रविवार

न विचारता तिची आई आणि मुलगी आल्या. सकाळच्या एसटीने, पिशवीभर हुरड्याची कणसे घेऊन. आईचे नाव छबुबाई, मुलीचे वैष्णवी. छबुबाई सोफ्यावर बसल्या नाहीत. भिंतीला टेकून खाली बसल्या आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिल्या.

"बाई, तुमी लई शिकल्याल्या. हिला मारा, पन शिकवा."

"मी मारत नाही."

"आई गं, त्या हातानं न्हाई मारत," दीपमाला म्हणाली. दोघी खुदखुदल्या. मी तिला भिंतीपाशी उभे केले. आईसमोर, मुलीसमोर. चुका व्हायच्या होत्या त्या झाल्या. मी एकही सोडली नाही.

मुलगी तोवर फरश्यांवर लंगडी घालू लागली. आई म्हणते ते ऐकून, एकेक फरशी उडत — "आय! एट! हुरडा!" क्रम अचूक. मी दीपमालेला म्हणाले, "सात वर्षांच्या पोरीला कळते. तुझ्या वाट्याला बुद्धी आली नाही, ती एक पिढी ओलांडून गेली." छबुबाईंना इतके मराठी कळले. त्यांनी नातीला जवळ ओढून घेतले.

निघताना दारात थांबल्या. "बाई, इचारू का? तुमचा तोंडवळा आमच्यातला दिसतोय. हनुवटी बगा की. कुन्या गावच्या तुमी?"

"पुण्याची," मी म्हणाले.

"आसंल, आसंल."

पिशवी तशीच ठेवून गेल्या. हुरडा कामवालीला दिला.

२५ जानेवारी, शनिवार

सलग नऊ वाक्ये! न थांबता, पाऊल न चुकता. वॉर्डात आग लागली, तिने बादली आणली, डॉक्टरांनी खिडकी फोडली. शेवटच्या वाक्यानंतर पायपुसण्यावर उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मी म्हणाले, "उद्या दहा."

कौतुक केले असते तर सैल पडली असती. पण या वहीत लिहायला हरकत नाही — हा माझा विजय आहे. दगडातून ओळ काढली मी.

२ फेब्रुवारी, रविवार

गहिनीनाथचा फोन. माझा मोठा भाऊ. आष्टीच्या बाजूला, आमच्या जुन्या वस्तीवर अजूनही मेंढ्या राखतो. मला अजूनही त्याच अर्ध्या नावाने हाक मारतो. ते मी येथे लिहिणार नाही. चारचौघांत मारली, तर मी ओ देत नाही, हे त्याला माहीत आहे.

"अकरा तारखेला आईचं वर्षश्राद्ध हाय. येतीस का?"

मी म्हणाले, परीक्षेचे काम आहे.

"कुनाची परीक्षा?"

"एका विद्यार्थिनीची."

तो म्हणाला, "तुज्या ध्यानात हाय ना, आई कुटं गेली ते? तुज्याच गावात. तुज्या घरापासून अर्ध्या कोसावर." आणि फोन ठेवला. नेहमीचा नाटकीपणा!

माझ्या ध्यानात आहे. मागच्या फेब्रुवारीत आईला धाप लागली, त्याने तिला बीडला आणून एका रुग्णालयात ठेवले. मी त्या वेळी हैदराबादला परिसंवादात बीजभाषण करत होते. तारीख सहा महिने आधी ठरलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मी दुपारी पोहोचले. झोपेतच गेली, असे कळले. यात कोणाचा काय दोष?

आईचे नाव सारजाबाई. माझ्या कोणत्याही परिचयपत्रात ते नाही. माझे पती मोहनराव यांच्या घराण्यात मी सून म्हणून आले तेव्हाच ठरले होते — माहेर पुण्याचे सांगायचे. सासऱ्यांची गावभर पाटीलकी. मेंढपाळांची मुलगी केली, हे त्यांना लोकांत सांगवत नव्हते. आता सासरे नाहीत, मोहनरावही नाहीत. पण सवय चांगली लागली आहे. ती मोडण्याचे मला कारण दिसत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दीपमाला आज तापाने फणफणलेली. तरी तीन फरश्या केल्या. ताप आहे म्हणून भूतकाळ वर्तमानकाळ होत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे सारे क्रमाने लिहायला हवे.

संध्याकाळी साडेपाचला आली. परीक्षेत दोन मिनिटे सलग बोलायचे असते. विषयाची चिठ्ठी तेथेच मिळते. मी सरावासाठी चिठ्ठ्या केल्या आहेत. आजची — "लक्षात राहिलेल्या एका व्यक्तीविषयी बोला."

"पेशंटचं बोललेलं चालतंय का मॅडम?"

"खरे असेल तर चालते."

ती भिंतीपाशी गेली आणि माझ्याकडे न पाहता निघाली. तिची वाक्ये आज जवळजवळ निर्दोष होती, म्हणून ती मराठीत उतरवते.

मागच्या वर्षी तिच्या वॉर्डात एक म्हातारी होती. मुलाने सकाळी आणून ठेवली. दुपारी तो परत गेला, कारण मेंढ्या रानात उघड्यावर होत्या आणि त्या कोंडायला घरी दुसरे कोणी नव्हते. म्हातारी दिवसभर शांत पडून होती. दिवस मावळायला लागला तशी ती उठून बसली आणि हाका मारू लागली. शेजारच्या खाटा वैतागल्या. डॉक्टर म्हणाले, भ्रम झाला आहे. पण दीपमालेला ती हाक कळली. तिच्या घरी रोज तिन्हीसांजेला ती ऐकू यायची. मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, घेतल्या की एखादी मागे राहिलेली असते. मग तिचे नाव घेऊन हाका मारायच्या. जोवर घरचे कोणी पलीकडून "आली, आली" म्हणत नाही, तोवर जाळीची गाठ मारायची नाही. अंधार पडला तरी नाही. उत्तर घरच्याच आवाजात हवे असते. परक्याच्या शब्दावर कोणी गाठ मारत नाही.

म्हातारी एकच नाव घेत होती.

"द शीप्स नेम वॉज उजी," दीपमाला म्हणाली.

ती तिसऱ्या फरशीवर उभी होती. मी खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "पुढे."

घरचे कोणी नव्हते. म्हणून दीपमालाच खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि आपल्या आईसारखा आवाज काढून म्हणाली — उजी आली. म्हातारीने ऐकले. चादरीचे टोक धरले आणि त्याला गाठ मारली. मग आडवी झाली. पहाटे गेली तेव्हा ती गाठ तशीच होती.

"उजी होम केम," दीपमाला म्हणाली, आणि थांबली.

"क्रम," मी म्हणाले.

"उजी केम होम."

"पुन्हा."

"उजी केम होम."

"भिंतीपासून. पुन्हा."

चार वेळा म्हणून घेतले. मला पहिल्याच वेळी कळले होते. तरी चार वेळा.

मग मी विचारले, "मेंढीचे असे नाव असते?"

"असतंय की मॅडम. लाडकी असली की माणसाचं नाव ठिवत्यात."

तिला जायला सांगितले. ते अर्धे नाव माझे आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी डोके शांत होते. विचार करून ठरवले आहे, भावनेच्या भरात नाही. ती आठवण परीक्षेला अयोग्य आहे. मेंढ्या, जाळ्या, मरणाऱ्या म्हाताऱ्या — परदेशी परीक्षकाला यातले काय कळणार? शिवाय मृत्यूचा विषय म्हणजे वातावरण जड होणार.

मी तिच्यासाठी बावीस वाक्यांचा उतारा लिहिला. "मी दौलताबादचा किल्ला पाहिला." सुबक, क्रमशुद्ध, तीन ठिकाणी गौण वाक्ये, दोन ठिकाणी अलंकार. असा उतारा बीड जिल्ह्यात दुसरे कोणी लिहू शकणार नाही.

"पन मी दौलताबादला कधी गेलेच न्हाई मॅडम."

"परीक्षक तुझ्यामागे तिकीट तपासायला येणार नाही."

"तुमीच म्हणलता, खरंच पायजे."

"तेव्हा तू शिकत होतीस. आता परीक्षा आहे."

ती उतारा वाचत बसली. मग विचारले, "म्हातारीचं कावून नगं?"

"कारण मी सांगते म्हणून. कोणतीही चिठ्ठी निघो — व्यक्ती, प्रवास, दिवस — तू दौलताबादवर यायचे. ते पेशंटचे वाक्य तोंडातून निघता कामा नये. वचन दे."

तिने वचन दिले. हात जोडून नव्हे, नुसते, "बरं."

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल श्राद्ध झाले. गेले नाही. गहिनीनाथने फोटो पाठवला, तो उघडला नाही.

दीपमालेने बावीसच्या बावीस वाक्ये म्हटली. एकाही ठिकाणी ठेच नाही. फरश्यांची आता गरजच नाही. खडू पुसून टाकला. बोलताना डोळे एका जागी स्थिर असतात, जसे शाळेतल्या मुलांचे प्रतिज्ञा म्हणताना असतात. ते जरा खटकले. पण निर्दोष गोष्टीत खोड काढणे हे माझेही काम नव्हे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिची परीक्षा. दिवसभर फोन जवळ ठेवला होता. आला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आली. उभ्याउभ्याच सांगितले.

चिठ्ठी निघाली ती — "ज्यांची तुम्ही काळजी घेतली अशा एका व्यक्तीविषयी बोला." आणि ही पठ्ठी दौलताबादच्या पायऱ्या चढू लागली! परीक्षक बाईंनी चौथ्या वाक्याला हात वर करून थांबवले. म्हणाल्या, तुम्ही पाठ केलेले म्हणत आहात. विषय हा नाही. मग साधे प्रश्न विचारले. किल्ल्यावर तुमच्याबरोबर कोण होते? तुम्ही काय खाल्ले? बरे, ते राहू द्या — एखादा रुग्ण आठवतो का?

"आन् मंग?"

हे मी म्हणाले! "आन् मंग!" माझ्या तोंडून चाळीस वर्षांनी हे शब्द निघाले. तिने ऐकले, चेहऱ्यावर काही दाखवले नाही.

"मंग काय मॅडम. गप बसले. म्हातारी सोडून दुसरं काही डोळ्यांपुढं येईना. आन् तुमाला तर वचन दिलतं."

मी म्हणाले, एवढी अक्कल हवी होती. वचन आणि मूर्खपणा यांतला भेद सुशिक्षित माणसाला कळतो. ती म्हणाली, "व्हय मॅडम."

२० फेब्रुवारी, गुरुवार

निकाल. सहा.

३ मार्च, सोमवार

तिने संभाजीनगर, पुणे, मुंबई, सगळी केंद्रे पाहिली. मिळेल ती पहिली तारीख एप्रिलची. परदेशी नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एजन्सीच्या माणसाने फोनवर सांगितले, ती जागा आता केरळच्या एका मुलीला देत आहेत. हे सर्व तिने मला व्हॉट्सॲपवर इंग्रजीत कळवले. पाच वाक्ये, भूतकाळात. "दे गेव्ह माय पोस्ट टु अ गर्ल." क्रम अचूक. मी उत्तर लिहिले नाही. काय लिहायचे? "शाब्बास"?

दोष माझा नाही. उतारा उत्तम होता. आज पुन्हा वाचून पाहिला. उत्तमच आहे.

६ मार्च, गुरुवार

वाचन होत नाही. पुढच्या खोलीत बसवत नाही. कामवाली म्हणाली, "मॅडम, खडूचे डाग जाईनात, फरशी घासून घासून हात दुखले." मी तिला फाडकन बोलले. ती उद्यापासून येणार नाही.

९ मार्च, रविवार

दीपमाला पुस्तके परत करायला आली. बरोबर वैष्णवी. मुलीच्या दप्तरात चकलांब्याच्या शाळेची वही. पुढच्या वर्षी तेथेच तिसरीत. मुलगी आल्याआल्या लंगडी घालायला गेली, आणि फरश्यांवर काही लिहिलेले नाही हे पाहून थांबली.

दीपमाला तक्रार करेल, अशी मी वाट पाहत होते. सात उत्तरे तयार ठेवली होती, क्रमाने. तिने तक्रार केली नाही. पुस्तके टेबलावर ठेवली, एकेकाची धूळ पुसून. मग म्हणाली, "एवढं इचारते मॅडम. म्हातारीचं सांगितलं असतं तर सात पडले असते का?"

खोटे बोलता आले असते. पण हा प्रश्न माझ्या विषयातला होता.

"साडेसात," मी म्हणाले.

"मंग कावून नगं म्हणलात?"

मुलगी ऐकत होती. मी म्हणाले, उद्या ये. एकटी ये.

१० मार्च, सोमवार

सांगितले. ती मेंढी नव्हती. उजी म्हणजे मी. ती म्हातारी माझी आई.

"म्हाईत हाय, मॅडम," ती म्हणाली. "पहाटं गेल्यावर तुमचे भाऊ आलते. दारातूनच इचारलं त्यांनी, उजी आली का म्हणून." मग म्हणाली, "कागदावर तुमचं नाव-नंबर त्यांनीच लिवून ठिवलता. त्या सांजंला फोन मीच लावलता."

हे मी या वहीत कधीच लिहिले नव्हते. सहा वाजून चाळीस मिनिटे. माझे भाषण सातला. एक गावंढळ आवाज, धापा टाकत — "बाई, तुमची आई हाका मारायलीय, मला वाटतंय मेंढीला. तुमी निस्तं फोनवर आली, आली म्हणा. घरच्याचा आवाज पायजे. लगेच निजंल ती —"

मी म्हणाले होते, "आधी धड बोलायला शिका, मग फोन करा."